न उगवलेला घट

त्र्याहत्तर सालच्या नवरात्रात आमच्या घरचा घट उगवला नाही. चौथी माळ चढली तरी मातीतून एक कोंब वर आला नव्हता. त्या दिवसापासून आमच्या घरातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या हाताकडे पाहू लागला.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. घटाची रीत साधी होती. पत्रावळीवर शेतातली काळी माती पसरायची, तिच्यात ज्वारीचे दाणे टाकायचे आणि मधोमध पाण्याने भरलेलं मातीचं मडकं ठेवायचं. मडक्यातून पाणी पाझरतं, त्यावर दाणे रुजतात. रोज एक माळ. तिसऱ्या माळेला मातीला बारीक भेगा पडतात, चौथीला पांढरी टोकं दिसतात आणि दसऱ्यापर्यंत पिवळेधमक कोंब वीतभर वाढतात. घट दाट उगवला की वडील समाधानाने मान हलवायचे आणि त्या मान हलवण्यावर आमचं घर वर्ष काढायचं.

आमच्या घरात आणखी एक नियम होता. घटासाठी दाणे घ्यायचे ते खायच्या ज्वारीतले नाहीत, तर पेरणीसाठी राखलेल्या बियाण्यातले. बियाण्याचं मडकं वर्षभर उतरंडीच्या मागे असायचं. आत ज्वारी, राख आणि कडुनिंबाचा पाला, आणि तोंड शेणमातीने लिंपून बंद केलेलं. घटस्थापनेला वडील स्वतः ते तोंड फोडायचे आणि एक मूठ काढायचे. ही देवीची भक्ती होती आणि बियाण्याची परीक्षाही होती, हे मला फार उशिरा समजलं. तोपर्यंत मी तो नुसता नियम समजत होतो.

त्या वर्षी त्या मडक्याला फार किंमत होती. आदल्या साली दुष्काळामुळे रब्बीची पेरणीच झाली नव्हती. वर्षभर सगळ्या गावाने रेशनवरचा तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, खाल्ला. पण आमच्या वडिलांनी दोन वर्षांमागचं बियाणं जपलं होतं. 'भूक मरंल, बी मरता कामा नये,' असं ते म्हणत. आता पाऊस चांगला झाला होता. रानं भिजून गच्च होती, जमिनीला वापसा आला की पेरणीला पाभर धरायची होती. आणि त्याच बियाण्याची मूठ देवीपुढे मातीत पडून होती, उगवत नव्हती.

मी त्या वेळी नगरला बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजचं तोंड पाहिलेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच. सहामाही परीक्षा आटोपून दसऱ्यापर्यंत घरी आलो होतो. पेटीत वनस्पतिशास्त्राच्या वह्या, एक भिंग आणि दाढीची दोन जुनी पाती होती. ती पाती प्रॅक्टिकलला बियांचे काप घेण्यासाठी लागत.

घरात आम्ही सहा माणसं. वडील, आई, वडिलांची थोरली विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, थोरला भाऊ, त्याची बायको आणि मी. वहिनी वैशाखात लग्न होऊन आली होती. पाच महिन्यांची नवी सून. घटासाठी रानातून माती आणायला तिलाच पाठवलं होतं.

चौथ्या माळेच्या सकाळी आत्याने देवघरातून बाहेर येऊन पदराने तोंड पुसलं आणि ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वहिनीला विचारलं, "खरं सांग गं. कावळा शिवल्यालं दडवलंस का न्हाई?"

वहिनी ताक घुसळत होती. रवी थांबली. "न्हाई आत्याबाई."

"मग माती कुनी आनली?"

"मी आनली."

"पानी कुनी शेंदलं?"

"मीच."

"मग झालं तर. चाळीस वरसं ह्या घरात घट बसतुया. मी लहान हुते तवापासनं बगते. दुष्काळात बी उगवला. औंदाच कसा न्हाई उगवला?"

भाऊ दारात उभा होता. तो बैलांकडे निघून गेला. आई भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. तिने वर पाहिलं नाही. मला वाटलं, तिलाही आत्याचंच म्हणणं पटलं आहे.

वडील उपवासाला होते, नऊ दिवस अनवाणी. ते इतकंच म्हणाले, "आक्का, दसऱ्यापतुर थांब."

"थांबतीया की. दसऱ्याला हिचा भाऊ सोनं द्यायला येनारच हाय. त्येच्यासंगं जाऊ दे हिला. घराला लागल्याला डाग आपुन का वागवायचा?"

पाच महिन्यांत माहेरी परत पाठवलेली, आणि तीही देवीच्या घटाचा विटाळ केला म्हणून. अशी बाई पुन्हा सासरी येत नसे, हे मला त्या वयातही ठाऊक होतं. वहिनीलाही ठाऊक होतं. तिने रवी पुन्हा धरली, पण दोरी हातातून घसरत होती.

मी शिकलेला होतो, आणि शिकलेल्या माणसाला जो थोडा गर्व असतो तो मलाही होता. दाण्याचं न उगवणं दाण्यातच शोधायचं असतं, हे आमच्या सरांनी शिकवलं होतं. त्यांनी वर्गात भिजवलेला मका उभा कापून दाखवला होता. पिठाचा मोठा भाग ही शिदोरी, आणि खालच्या टोकाला कडेला दडलेला तो इवलासा भाग म्हणजे भ्रूण. त्यात मूळ असतं, कोंब असतो, गुंडाळलेलं पान असतं. "हा झोपलेला असतो, पण झोपेतही श्वास घेतो," सर म्हणाले होते. "श्वास कोंडला की मरतो. आणि मेला तरी दाणा बाहेरून तसाच दिसतो. दळलात तर पीठ निघेल, पेरलात तर काही निघणार नाही."

दुपारी आई रानात गेल्यावर मी उतरंडीमागच्या मडक्यात हात घातला. स्वतःच्या घरात चोरासारखं वाटलं. राखेने माखलेले दाणे रुमालात घेतले, विहिरीवर जाऊन धुतले आणि वर्तमानपत्रावर पसरले. टपोरे, पांढरे दाणे. त्यांत दोन दाणे तांबडे निघाले.

मी ते वेगळे केले. बोटांत धरून उन्हात पाहिले. मिलो. रेशनवरचा मिलो मी वर्षभर पाहिला होता, चुकायचा प्रश्नच नव्हता. पण गेल्या घटस्थापनेला मूठ काढून वडिलांनी मडकं पुन्हा लिंपलं तेव्हा मिलो आमच्या गावाला ठाऊकही नव्हता. तो त्यानंतरच आला. म्हणजे वडील ज्या मडक्याला देवासारखे जपत होते ते मधे कुणीतरी उघडलं होतं आणि पुन्हा लिंपलं होतं.

दोन्ही तांबडे दाणे मी शर्टाच्या खिशात टाकले आणि कुणाला काही बोललो नाही. पण त्या संध्याकाळी जेवताना मी एकेकाकडे पाहत होतो. भावाने लग्नात टेरलीनचा शर्ट शिवला होता, तो कशाच्या जोरावर? आत्याच्या खोलीला कडी असते ती कशासाठी? आणि मग माझी नजर वहिनीवरही गेली. उतरंडीच्या बाजूची झाडलोट तिच्याकडेच होती. जिला वाचवायला निघालो होतो, तिच्यावर संशय घ्यायला मला एक जेवण पुरलं. हे आज लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं होतं.

रात्रभर वाटीत भिजलेले दाणे सकाळी पात्याने उभे चिरले. भिंगाखाली धरले. दाण्याच्या टोकाला जिथे दुधी रंगाचा, टणक भ्रूण दिसायला हवा होता तिथे तपकिरी, मऊ काहीतरी होतं, जुन्या खोबऱ्यासारखं. पात्याचं टोक लावलं की पसरायचं. वीस दाणे चिरले. बावीस चिरले. सगळ्यांचं तेच.

मी उठलो आणि शेजारच्या चाचांकडे गेलो. चाचांचं रान आमच्या बांधाला लागून होतं. त्यांच्या घरी बियाण्याची कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगलेली असायची, धुराने काळवंडलेली. मी भ्रूणाबद्दल वगैरे सांगायला लागलो तर ते हसले.

"आरं, तू डोळ्याबद्दल बोलतुयास व्हय? दान्याचा डोळा. असं सांग की. तांबडा झालाय का डोळा?"

"तपकिरी. मऊ."

"वास?"

"राखेचा येतो. कडुनिंबाचा."

"राख धुऊन, चावून बग."

मी एक दाणा चावला. आंबूस, तळघरासारखी चव होती.

चाचा गंभीर झाले. "ही पेवातली हाय. ग्येल्या साली मळ्यातलं जुनं पेव उघडलं. तू नगरला हुतास. दोन दिस तोंड उघडं ठिवलं, कंदील सोडून बगितला, तवा मानूस उतरला. दहा वरसं जमिनीत कोंडल्याली ज्वारी. समद्या गावानं वाटून खाल्ली. वास लई मारायचा, पर मिलोपरास बरी. तुमच्या बी घरी ग्येली. पर पेवातलं धान पोट भरतं बाबा, रान भरत न्हाई. आतल्या आत गुदमरून मेल्यालं असतंय ते. हे तुज्या बापाला बी ठाव हाय."

"मग मडक्यात कुणी भरली?"

"ते तुमच्या घरातलं," चाचा म्हणाले आणि आढ्यावरचं एक कणीस काढून माझ्या हातात दिलं. "मला इचारू नगंस."

पाचव्या माळेच्या दुपारी मी वहिनीला गोठ्यामागे बोलावलं. रॉकेलचा आडवा कापलेला एक डबा होता, तो तिच्यापुढे ठेवला.

"वहिनी, घटासाठी जिथली माती आणली तिथलीच आणा. पाणी त्याच विहिरीचं. एका बाजूला मडक्यातले दाणे टाका, दुसऱ्या बाजूला चाचांच्या कणसातले. मधे ही काडी लावा. सगळं तुमच्या हाताने."

ती माझ्याकडे रोखून पाहत राहिली. पाच महिन्यांत ती माझ्याशी पाच वाक्यंही बोलली नव्हती.

"भावजी, ही परीक्षा माझी हाय का दान्याची?"

"दाण्याची."

"मग हात माझाच कशाला?"

मी म्हणालो, "तुमच्या हाताने उगवलं तर आत्याला बोलायला तोंड राहणार नाही."

"आन न्हाई उगवलं तर?"

"उगवेल."

"तुमी देव हाय का?" ती म्हणाली. मग पदर खोचून डब्यात बोटं घातली, माती चाळल्यासारखी मोकळी केली. "न्हाई उगवलं तर दसऱ्याची वाट बगायला नगं कुनी. मी सवताच जाते."

खिशातले तांबडे दाणे मी तिला दाखवले नाहीत. ती मला विश्वासाने विचारत होती आणि मी तिच्यावरचा संशय खिशात घेऊन उभा होतो.

ते तीन दिवस फार वाईट गेले. आत्या देवघराच्या उंबऱ्यावर बसून राहायची. वहिनी आली की पदर आवरून घ्यायची. वहिनीचं ताट मोरीजवळ वाढलं जायचं. भाऊ जेवायला उशिरा येऊ लागला. एकदा मी त्याला म्हणालो, "तू काही बोलत का नाहीस?"

"काय बोलू? तुझ्यावानी पुस्तकातलं मला येत न्हाई. घट न्हाई उगवला हे तर खरं हाय ना?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "ती रातीची रडती. मी इचारलं तर म्हनती, तुमाला बी तसंच वाटतंय का. मी काय सांगू?"

"काय सांगितलंस?"

तो उठून बैलांकडे निघाला. त्याने तिला हो किंवा नाही सांगितलं नव्हतं.

आई मात्र त्या दिवसांत माझी नजर टाळत होती. मी चुलीपुढे बसलो की उठून लाकडं आणायला जायची. दोनदा मी तिला वेशीत उभी राहून येणाऱ्या एसटीकडे पाहताना बघितलं. कुणाची वाट पाहतेस, विचारलं तर म्हणाली, "कुनाची न्हाई. उगंच." तिचा भाऊ, माझा मामा, नेवाशाकडचा. प्रवरेला पूर आलेला, तिकडची एसटी बंद होती. मामाने दसऱ्याला यावं म्हणून ती वाट पाहत असेल, असं मला वाटलं.

आठव्या माळेच्या सकाळी मी गोठ्यामागे गेलो तर वहिनी आधीच तिथे उकिडवी बसलेली होती. डब्याच्या एका बाजूला चाचांचे दाणे उगवले होते. प्रत्येकाला नखाएवढा कोंब, वर टोकाला हिरवट. काडीच्या दुसऱ्या बाजूला काळी माती होती तशीच.

वहिनी हसली नाही. ती बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडे पाहत होती.

मी डबा उचलून ओसरीवर वडिलांपुढे ठेवला. सगळे जमले. काय केलं, कसं केलं, ते सांगितलं. माती वहिनीने आणली, दाणे वहिनीने टाकले, पाणी वहिनीने घातलं. एका बाजूला उगवलं, एका बाजूला नाही. मग दोष हाताचा कसा?

आत्या म्हणाली, "डब्यातलं न् देवीपुढचं सारकंच असतंय व्हय?"

पण वडिलांनी ओसाड बाजूच्या मातीत बोट घातलं होतं. त्यांनी एक दाणा काढला, चिमटीत दाबला. चिकासारखं पाणी आलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा बदलला तो मला आजही दिसतो.

"ही पेवातली हाय," ते म्हणाले. "माझ्या मडक्यात पेवातली ज्वारी कुनी भरली?"

पंधरा दिवसांत तीच ज्वारी सगळ्या रानात पडणार होती, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

मग मी सगळ्यात मोठी चूक केली. मला वाटलं, आता पुरावा पुरा करावा. खिशातून दोन तांबडे दाणे काढून वडिलांच्या हातावर ठेवले. "हे मडक्यात सापडले. मिलो आहे. म्हणजे मडकं दुष्काळात उघडलंय. त्या वेळी वहिनी..."

"वैशाखात बी मिलोच खात हुतो की आपुन," आत्या म्हणाली. "ही वैशाखात आली. उतरंड झाडायला कोन हुतं? हीच. इटाळ न्हाई म्हनतुयास ना? बरं बाबा, न्हाई. मग चोरी हाय. बियान्याची चोरी! माहेरी धाडलं असंल टोपल्यातनं."

मी तिला एका आरोपातून सोडवून त्याहून वाईट आरोपात अडकवलं होतं.

वहिनी आत्याकडे पाहतच नव्हती. ती माझ्या खिशाकडे पाहत होती. "कवा सापडलं हे, भावजी?"

"चौथ्या माळेला."

"म्हंजी डबा लावला तवा तुमच्या खिशात हुतं."

मी मान खाली घातली. त्याच वेळी आई स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला पीठ होतं. तिने ते पुसलं नाही.

"मडकं मी उघडलं," ती म्हणाली.

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. आत्या काही म्हणायला गेली, त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

आई वडिलांशी बोलत होती, पण पाहत होती माझ्याकडे. "ह्यो ग्येल्या दिवाळीला आला तवा म्हनला हुता, तांबडी भाकरी डब्यात बगून पोरं हसत्यात. म्हनला, मी डबा उघडीतच न्हाई, झाकूनच ठिवतो. ध्यानात हाय का तुझ्या?"

ध्यानात होतं. नगरला आम्ही खेड्यातली मुलं बोर्डिंगात राहायचो आणि घरचा डबा एसटीने यायचा. कंडक्टर टपावरून उतरवून द्यायचा. माझ्या डब्यात मिलोची विटकरी रंगाची भाकरी निघाली की बागायती गावांतली मुलं म्हणायची, आला रेशनचा साहेब. मी घरी येऊन हे सांगितलं होतं. आणि त्यानंतर माझ्या डब्यात पांढऱ्या भाकरी येऊ लागल्या होत्या. मी डबा सगळ्यांच्या मधे उघडून जेवायला लागलो होतो. ती ज्वारी कुठून आली, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मला, ज्याने चार दिवस घरातल्या प्रत्येकावर संशय घेतला होता.

"हिवाळाभर तेच दळलं," आई म्हणाली. "मडकं रितं झालं. मग पेवातली वाटनी आली, ती पाखडून, उन्हं देऊन, राख घालून भरून ठिवली. रितं मडकं दिसू नये म्हनून. त्याच सुपात मिलो पाखडत हुते, दोन दाने ऱ्हायले असत्याल. भावाला निरोप धाडला हुता, घटाच्या आदी पायलीभर बी घिऊन ये म्हनून. तो निगाला, पर पूर आला. इकडं ह्यांनी मूठ काढली. मला वाटलं, देवीपुढं तरी चार दाने उगवत्याल."

गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटी वाजली.

मग वहिनीने विचारलं. आवाज चढवला नाही, सहज विचारावं तसं विचारलं. "आई, तुमी कवा सांगनार हुता?"

आई दाराच्या चौकटीला टेकली.

"दसऱ्याला माझा भाऊ आल्यावर सांगनार हुता, का मी त्येच्यासंगं एसटीत बसल्यावर?"

"तुला जाऊ दिली नसती गं."

"मोरीपाशी जेवू दिलं की," वहिनी म्हणाली.

आईने पिठाचा हात डोळ्यांना लावला. तिच्या गालावर पांढरा पट्टा उमटला. ती आत गेली. आत्याही उठून तिच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

वडील पुष्कळ वेळ डब्यातल्या कोंबांवरून बोट फिरवत बसले. मला वाटत होतं ते रागावतील. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"घरचं बी खाल्लं हायस तू," ते म्हणाले. "आता उगव म्हंजी झालं."

मग पटका गुंडाळून ते चाचांकडे बियाणं मागायला निघाले. जाताना भावाला म्हणाले, "बायकूचं ताट आत वाढायला सांग. न्हाई तर तू बी मोरीपाशी बस." त्या दुपारी भाऊ खरंच मोरीपाशी जाऊन तिच्याशेजारी जेवायला बसला.

दसऱ्याला वहिनीचा भाऊ आला. घरात काय घडलं होतं ते तिने त्याला सांगितलं नाही. मी ओसरीवरून ऐकत होतो. "समदं ठीक हाय," एवढंच ती म्हणाली, आणि तो एकटाच परत गेला.

आमच्याकडे दसऱ्याला घटातले कोंब उपटून टोपीत, पटक्यात तुरा म्हणून खोवतात आणि मग शिवेकडे सोनं लुटायला जातात. त्या वर्षी आमच्या घटात तुरा नव्हता. बिन तुऱ्याचं गेलो असतो तर गावाने विचारलं असतं. वडील गोठ्यामागे गेले आणि वहिनीला म्हणाले, "पोरी, तुझ्या डब्यातलं दे."

तिने कोंब उपटले, मुळं धुतली आणि एकेकाला दिले. वडिलांना, भावाला, मला. आत्याने हात पुढे केला नाही, तरी तिच्या उंबऱ्यावर दोन कोंब ठेवून आली. आईपुढे ती थांबली. आई अंबाड्याची गाठ सैल करून वाट पाहत होती, कारण दर वर्षी ती तुरा केसांत खोवायची. वहिनीने कोंब तिच्या हातात दिले. स्वतः खोवले नाहीत.

चार दिवसांनी वापसा आला. चाचांच्या बियाण्यावर पेरणी झाली. मामाही पूर ओसरल्यावर बियाणं घेऊन पोचला, तेही पडलं. पाभरीच्या चाड्यावर पहिली मूठ धरायला वडिलांनी वहिनीला बोलावलं. ज्वारी चांगली आली. मी पदवी घेतली, मास्तर झालो. पुढे कितीतरी वर्षं मुलांना भिजवलेला दाणा चिरून त्याचा डोळा दाखवला. तपकिरी डोळ्याचा दाणा निघाला की मी तो बाजूला ठेवायचो आणि त्याबद्दल बोलायचं टाळायचो.

पुढच्या हंगामात बियाण्याचं मडकं आईने भरलं. लिंपायला मात्र वहिनी आली. शेणमाती थापून झाल्यावर तिने ओल्या थरावर उजव्या हाताची चार बोटं दाबली आणि उचलली. चार स्वच्छ खळगे उमटले.

"हे काय गं?" आईने विचारलं.

"खून," वहिनी म्हणाली. "उघडलं तर कळाया पायजे."

आईने त्या बोटांच्या ठशांकडे पाहिलं. मग आपल्याच हाताने मडकं उचललं आणि उतरंडीमागे, भिंतीकडे नाही तर वहिनीच्या नजरेसमोर राहील अशा बाजूला नेऊन ठेवलं.